आवाज बसला, खारूताई उठली

सगळे त्याला दादा म्हणत. धाकट्या बहिणीने म्हणावं हे ठीक. पण आईसुद्धा दादा म्हणे, बिल्डिंगचा वॉचमन दादा म्हणे, आणि खालच्या मजल्यावरचे काका, जे त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठे होते, तेही नळाला पाणी आलं नाही की 'दादा, बघा जरा' अशीच हाक मारत. माणूस होताही तसाच. दारातून आत येताना मान वाकवावी लागे एवढा उंच, दांडगा, भरघोस मिशांचा. आणि आवाज! जिन्यात उभं राहून त्याने नुसतं 'कोण आहे?' विचारलं तरी वरच्या मजल्यावरच्या पोरांचा दंगा बंद पडे.

या आवाजावरच घर चालत होतं. दादा डबिंग कलाकार. सिनेमातला रागीट सेनापती, जाहिरातीत सिमेंटच्या गोणीवर हात ठेवून भरवसा देणारा म्हातारा, फोनवर 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा' सांगणारा धीरगंभीर गृहस्थ, ही सगळी मंडळी दादाच्याच घशात राहत. लहान मुलांच्या एका कार्टूनमध्ये तो सिंहमहाराज होता. आणि त्याच कार्टूनमध्ये सिंहाच्या आयाळीत शेंगा लपवणारी, दिवसभर किचकिच करणारी खारूताईही तोच. तिचा आवाज काढणारी बाई एकदा आजारी पडली, दादाने गंमत म्हणून नाक वर करून दोन वाक्यं म्हणून दाखवली, आणि सगळा स्टुडिओ पोट धरून हसला. तेव्हापासून खारूताई त्याच्या गळ्यात पडली ती पडलीच.

अशा माणसाला ताण कसला, असं कुणालाही वाटेल. त्यालाही तसंच वाटे. पण दादाला एक शब्द म्हणता येत नसे, आणि तो म्हणजे 'नाही'. कितीतरी पात्रांच्या तोंडून त्याने तो गरजून म्हटला होता. स्वतःच्या तोंडून मात्र 'बघतो', 'करू', 'तू काळजी करू नकोस' एवढंच निघे. म्हणून बिल्डिंगच्या कमिटीचा सेक्रेटरी तोच. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आणि कुठे, हे ठरवणार तोच. लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमात माइक धरून उभा राहणार तोच. बहीण नव्या घरात राहायला जाणार होती, तर सामान हलवणाऱ्यांशी बोलणं, सुताराच्या मागे लागणं आणि तोवर तिची जुळी पोरं सांभाळणं, हेही दादाच्याच अंगावर.

शरीर आपल्या परीने कुरकुरत होतं. सकाळी जबडा असा दुखे, जणू रात्रभर कुणी अक्रोड फोडायला बसवलं होतं. जेवण झालं की छातीत जळजळे. पहाटे टक्क जाग येई आणि छताकडे बघत तो गच्चीवरच्या गळक्या टाकीचा विचार करी. एकदा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. एकदा सुट्टीच्या दिवशी तो स्टुडिओत जाऊन पोचला आणि दार बंद का, म्हणून वॉचमनलाच झापून आला. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. तिची नजर नवऱ्यावरही होती. ती म्हणाली, "अहो, हा ताण आहे. एकदा डॉक्टरांना दाखवून या."

"मला कसला ताण?" दादा म्हणाला. "ताण रबराला असतो. मी काय रबर आहे?"

आणि पुढच्याच आठवड्यात रबर तुटलं.

त्या दिवशी सिंहमहाराजांचा मोठा प्रसंग होता. जंगलात पूर आलाय, प्राणी घाबरलेत, आणि महाराज कड्यावर उभे राहून गर्जतात, 'घाबरू नका, मी आहे!' सकाळपासून बहिणीचे फोन, कमिटीचे मेसेज, आईचा हरवलेला एक्स-रे शोधणं, एवढं सगळं उरकून दादा माइकसमोर उभा राहिला. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने बोट वर केलं. दादाने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि...

फुस्स.

सायकलच्या ट्यूबमधली हवा जावी तसं. त्याने घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं. फुस्स. रेकॉर्डिस्टला वाटलं माइक गेला. त्याने वायरी हलवल्या, माइक बदलला, हेडफोन झटकला. मग त्याच्या ध्यानात आलं की माइक चांगला आहे, गेलाय तो दादा. गरम पाणी झालं, मध झाला, कुणाचा तरी मफलर गळ्याभोवती गुंडाळून झाला. फुस्सच्या पुढे गाडी जाईना.

"राहू दे दादा, सिंहाचं उद्या करू," रेकॉर्डिस्ट म्हणाला. पण त्याचं बोलणं होईपर्यंत पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झाला, खारूताई तुरुतुरु फांदीवर आली, आणि सवयीने दादाचं नाक वर झालं.

"अगं बाई, पाणी आलं, पाणी! माझ्या शेंगा भिजल्या!"

खणखणीत. दोघे काचेतून एकमेकांकडे बघत राहिले.

"अहो, आला की आवाज! बोला ना!"

दादाने बोलायला तोंड उघडलं. फुस्स. त्याने नाक वर केलं. "अरे, हा काय प्रकार आहे?" खारूताईने विचारलं.

रेकॉर्डिस्ट खुर्चीवरून घसरला आणि बराच वेळ टेबलाखालून नुसते हुंदक्यांसारखे आवाज येत राहिले.

घरी बायकोने दार उघडलं. "अगं, माझा आवाज गेला," मिशांमागून खारूताई म्हणाली.

"कळलं. हातपाय धुवा."

"अगं, खरंच गेला!"

"अहो, दिवसभर दुकानात डोकं उठलंय माझं. आता तुमची नक्कल नको."

पण दादा तसाच दारात उभा राहिला, खांदे पाडून, आणि त्याचे डोळे बघून तिचा हात कडीवरच थांबला. नजर तपासणाऱ्या बाईला भीती लगेच दिसते. तिने त्याला आत नेऊन बसवलं. लेकीने सगळी हकीकत ऐकली आणि टाळ्या वाजवत घरभर नाचली, कारण तिच्या वर्गात कुणाच्याच घरी जिवंत खारूताई नव्हती. आईने काठी टेकत येऊन मुलाकडे नीट निरखून पाहिलं. "आयुष्यभर दादा दादा केलं," ती म्हणाली, "आणि शेवटी ताई झाली की रे तुझी!"

बायकोने ओठ घट्ट दाबून धरले होते, पण ते सुटलेच. दादालाही हसू आलं, पण किचकिच करून हसणारा स्वतःचा आवाज ऐकून तो दचकला. घशात काही भलतंसलतं तर नसेल? आवाज कायमचाच गेला तर? चार माणसं ज्यावर जेवतात तो आवाज!

दुसऱ्या दिवशी त्याने घशाच्या डॉक्टरांकडे फोन लावला. फोन उचलला गेला आणि पलीकडून एक भारदस्त, गोड, खोल आवाज म्हणाला, "आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा. आपली तब्येत आमच्यासाठी मोलाची आहे."

दादाचे डोळे भरून आले. लेकीने कान लावला आणि ओरडली, "बाबा, तुमचा आवाज इथे आहे!" त्याने स्पीकर चालू केला. सगळं घर भोवती जमलं आणि जुन्या दादाला ऐकू लागलं. कसलाही ताण नसलेला, निवांत, समजूतदार माणूस. आई तर म्हणाली, "किती गुणाचा होता!" मध्येच आवाज तुटला, दादा नाक वर करून 'हॅलो' म्हणाला, आणि पलीकडून एक मुलगी म्हणाली, "बोला, मॅडम."

मॅडमना आठवड्याच्या शेवटची वेळ मिळाली.

दरम्यान बहिणीचा फोन आला. तिला काहीच माहीत नव्हतं. "दादा, शनिवारी पोरं आणून सोडते हं. आणि सुताराला तूच ये घेऊन, तो माझं ऐकत नाही."

आता एक गंमत होती. खारूताईचा आवाज काढायचा तर नाक वर करावं लागे, भुवया उडवाव्या लागत, आणि तेवढं केलं की तिचा स्वभावही पाठोपाठ येई. दादाच्या मनात 'बघतो' होतं. तोंडातून आलं, "छट्! मुळीच नाही!"

पलीकडे एकदम खो-खो हसू. "दादा? तू आहेस?"

"मीच आहे. माझा आवाज गेलाय, झोप गेलीय, आणि मी दमलोय. पोरांना तुझ्या सासूबाईंकडे ठेव."

"अरे, त्या तर केव्हापासून मागे लागल्यात! तुला वाईट वाटेल म्हणून मीच तुझ्याकडे आणणार होते."

दादा फोन मांडीवर ठेवून बसून राहिला. आभाळ कोसळलं नव्हतं. पंखा फिरत होता. खिडकीत बायकोने वाळत घातलेले मोजे हलत होते. एवढं सोपं होतं?

डॉक्टर म्हणजे एक ठेंगण्या, चटपटीत बाई निघाल्या; केसांत पेन्सिल खोचलेली, आणि ती त्या टेबलभर शोधत होत्या. बरोबर आलेल्या बायकोने जबड्यापासून फ्रीजमधल्या चष्म्यापर्यंत सगळं सांगितलं. मग बाईंनी दादाच्या नाकातून बारीक दुर्बीण आत सोडली आणि पडद्यावर दोन पांढऱ्या फिती दाखवल्या. "हे तुमचे स्वरतंतू. बघा, कसे छान आहेत. गाठ नाही, सूज नाही, काही नाही. आता खोका."

दादा खोकला. खोलीतल्या बाटल्या थरथरल्या.

"हा आवाज कुणाचा?" बाईंनी विचारलं.

दादाने नाक वर केलं. "म्हणजे मी नाटक करतोय?"

बाईंनी हसू गिळलं, पण उत्तर गंभीरपणे दिलं. "अजिबात नाही. पोटरीत गोळा येतो तेव्हा तुम्ही नाटक करता का? हा गळ्यातला गोळा समजा. अंगावर काही चालून आलं की शरीर आवळून घेतं. जबडा, मान, खांदे, पोट, सगळं. धोका टळला की सैल सोडतं. आता मला सांगा, तुमच्याकडे शेवटचा धोका कधी टळला?"

दादाला आठवेना. बायकोच बोलली. "टाकी झाली की गुडघा, गुडघा झाला की सुतार, आणि सुतार झाला की पुन्हा टाकी."

"मग सैल सोडायला वेळच कुठे मिळतो? तो दुखणारा जबडा, ती जळजळ, पहाटेची जाग, चष्मा फ्रीजमध्ये, हे सगळं त्या एका आवळण्याचंच. प्रत्येकाने तुम्हाला आपापल्या परीने सांगून पाहिलं. आवाज सगळ्यात शेवटी गेला, कारण आधीच्या कुणाचंच तुम्ही ऐकलं नाहीत."

"आणि खारूताई का नाही गेली?"

"तो बारीक आवाज काढताना गळा वेगळ्या तऱ्हेने ताणला जातो. एक वाट बंद झाली, ती उघडी राहिली." बाईंना पेन्सिल सापडली होती. "शिवाय तिच्याकडे कुठे कमिटी आहे?"

त्यांनी दादाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे आवाजाचे व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिने त्याला मोठमोठ्या जांभया द्यायला लावल्या, जीभ बाहेर काढून खांदे सोडायला लावले, कंठमण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून गळा चोळला. मग एक घरचा अभ्यास दिला. ग्लासात पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. "एकट्याला लाज वाटली तर घरातल्यांनाही बसवा," ती म्हणाली.

लाज वाटलीच. एवढा दांडगा माणूस, समोर ग्लास, आणि त्यातून बुडबुड! म्हणून संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसले. चार ग्लास, चार नळ्या. लेकीने पहिल्याच फुंकरीत अर्धं पाणी टेबलावर आणलं. बायकोचे बुडबुडे बारीक आणि शिस्तीचे. आई म्हणाली, तिच्या लहानपणी ती सगळ्या आळीत या खेळात पहिली होती, आणि तिने असा काही जोर लावला की वरची कवळी सुटली आणि डुबुक करून ग्लासात पडली.

सगळे थिजले. कवळी तळाला जाऊन त्यांच्याकडे बघून हसत होती. आईने ग्लास उचलला, उजेडात धरून पाहिला, आणि पोकळ तोंडाने दरडावलं, "बघता काय शगळे? शापडली ना!"

आणि दादा हसला. पोटातून निघालेलं ते हसू छातीत घुमलं, गळ्यातून गडगडत बाहेर आलं आणि खिडकीच्या काचा वाजल्या. हा, हा, हा! जुनं, खोल, सिंहमहाराजांचं हसू. खालच्या मजल्यावर काकांनी टीव्ही बंद केला.

"बाबा!" लेक किंचाळली.

दादाने घाईघाईने बोलायला तोंड उघडलं. फुस्स.

त्याचा चेहरा पडला. पण बायकोने त्याचा दंड घट्ट धरला. "तो आत आहे," ती म्हणाली. "आहे तिथेच आहे. आपण त्याला बोलवायची घाई करायची नाही."

मग तो हळूहळू आला, पाहुण्यासारखा, दारात चपला काढत, अंग चोरत. आधी नुसताच 'म्म्म'. मग 'मा'. मग दिवसभर दडी. पुन्हा दोन शब्द खाली आणि तिसरा वर, अर्धा दादा अर्धी ताई. एका सकाळी दादा कपाटात डोकं घालून सहज म्हणाला, "माझे मोजे कुठे आहेत?" पूर्ण वाक्य, भारदस्त, घुमणारं. सगळं घर धावत आलं आणि टाळ्या वाजवू लागलं. आईने तर 'पुन्हा एकदा!' म्हणून फर्माइश केली. दादाने मोजे सापडले तरी तीच ओळ गरजून म्हणून दाखवली, निरनिराळ्या भावांत, आणि बायको हसून हसून भिंतीला टेकली.

खरी परीक्षा कमिटीच्या बैठकीत झाली. जिन्याखालच्या खोलीत खुर्च्या मांडून मंडळी बसली होती. काकांनी सुरुवातच केली, "चला, दादांचा आवाज आला, आपली चिंता मिटली! दादा, टाकीचं आता तुम्हीच काय ते बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि दादाला गळ्यात ते ओळखीचं आवळणं जाणवलं. जबडा घट्ट झाला, खांदे कानांकडे चढले. पूर्वी या गोष्टी त्याला कळायच्याच नाहीत. खारूताई असती तर एका फटक्यात 'छट्' म्हणाली असती. पण आज बोलायचं होतं ते स्वतःच्या आवाजात, आणि ते फार जड होतं.

त्याला त्या मुलीने शिकवलेलं आठवलं. त्याने खांदे सोडले, तोंड उघडलं आणि एक भलीमोठी जांभई दिली.

जांभई ही मोठी साथीची गोष्ट. शेजारच्या बाईंना आली. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांना आली. पाठोपाठ अख्खी कमिटी आ वासून बसली, डोळ्यांत पाणी, हात तोंडावर. त्या जांभईच्या शेपटाला धरून, सैल झालेल्या गळ्याने दादा शांतपणे म्हणाला, "मी यापुढे सेक्रेटरी राहणार नाही. टाकीचं काकांनी बघावं असं मला वाटतं. कुणाची हरकत?"

हरकत घ्यायला कुणाचं तोंडच मोकळं नव्हतं. काका तर ऐन जांभईत होते. ती मिटेपर्यंत ते सेक्रेटरी झालेले होते.

नंतर कळलं की काकांचं त्यात बरंच झालं. निवृत्तीनंतर दिवसभर टीव्हीसमोर पेंगणारे काका आता सकाळीच शिट्टी घेऊन गच्चीवर चढत आणि प्लंबरला सळो की पळो करून सोडत. तिकडे बहिणीच्या सुताराने एक फडताळ उलटं बसवलं. ती इतकी ओरडली की त्याने ते मुकाट्याने सुलटं केलं, आणि 'दादा, तो माझं ऐकतो रे!' म्हणून तिने आनंदाने फोन केला. दादाला अजूनही कधीमधी पहाटे जाग येई, जेवण चुकलं की छातीत जळजळे. पण आता तो दचकत नसे. आज काय आवळून बसलोय, एवढं स्वतःला विचारी आणि कूस बदली.

एका रविवारी दुपारी तो हॉलमध्ये जमिनीवर उताणा पडून खांदे सोडायचा व्यायाम करत होता. बायको बाजूला खुर्चीत बसली होती. खालून बघताना त्याला दिसलं, तिची डावी पापणी फडफडतेय. थांबली. पुन्हा फडफडली.

"तुझी पापणी उडतेय," तो म्हणाला.

"दोन महिने झाले."

"दोन महिने!"

"दुकानात लोकांना वाटतं, मी डोळा मारतेय. एक आजोबा तर हल्ली रोज चष्मा पुसून घ्यायला येतात. परवा नवा शर्ट घालून आले."

दादा एवढा हसला की त्याला उठून बसावं लागलं. मग तो थांबला. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही टाकीत होतात ना," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. जे होतं ते सांगितलं.

तो सरकला आणि त्याने शेजारची फरशी थोपटली. "ये. खांदे सोडायचे. जीभ बाहेर. मी शिकवतो. आणि उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, मी येतो बरोबर."

"आज्ञा, महाराज," म्हणत ती पदर खोचून खाली आली. दोघे शेजारी शेजारी, जिभा बाहेर काढून, छताकडे बघत पडले. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

आतून आई ओरडली, "दादा, बेल!"

दादाने ओ द्यायला तोंड उघडलं, तर बायकोने त्याच्या तोंडावर हात ठेवला. बेल पुन्हा वाजली. तिच्या हाताखाली त्याच्या मिशा थरथरू लागल्या, मग तिचे खांदे हलू लागले, आणि शाळा चुकवून झाडामागे लपलेल्या पोरांसारखे ते दोघे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर आवाज न करता हसत राहिले. तिसऱ्यांदा बेल वाजली आणि पावलं जिना उतरून गेली.

कोण आलं होतं, ते अजून कुणालाच कळलेलं नाही.